बखर आणि बॅकटेस्ट

शेअर बाजारासाठीच्या कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये खरेदी-विक्रीचा एखादा नियम लिहून बॅकटेस्टचे बटण दाबले, की काही सेकंदांत अहवाल समोर येतो. निव्वळ नफा, वार्षिक परतावा, एकूण सौदे, त्यांतले किती टक्के फायद्याचे, सरासरी फायदा, सरासरी तोटा, लागोपाठ किती तोटे झाले, शिखरापासूनची सर्वांत मोठी घसरण म्हणजे ड्रॉडाऊन, प्रॉफिट फॅक्टर, शार्प रेशो, आणि तळाशी वर चढत गेलेली भांडवलाची रेषा. हा नियम दहा वर्षांपूर्वीपासून पाळला असता तर आज हातात किती पैसे असते, हे तो अहवाल दोन दशांश स्थळांपर्यंत सांगतो. बेरीज-वजाबाकीत चूक नसते. तरीही त्या अहवालाच्या भरवशावर बाजारात उतरलेल्या माणसाला अहवालातली रेषा क्वचितच प्रत्यक्षात दिसते. असे झाले की तो आकड्यांकडे परत जातो, एखादा रकाना आपण नीट वाचला नसेल असे त्याला वाटते. मला वाटते, चूक रकाने वाचण्यात नसते. असे अहवाल गेल्या नव्वद वर्षांत कसे तयार होत गेले हे पाहिले, तर त्यांत एक रकाना कधी आलाच नाही असे दिसते, आणि बाकीच्या सगळ्या रकान्यांचा अर्थ त्याच्यावर अवलंबून आहे.

मराठी वाचकाला हा प्रश्न समजायला जड जाऊ नये, कारण इतिहासाच्या साधनांबाबत आपल्याकडे तो फार पूर्वीच ऐरणीवर आला होता. वि. का. राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला. त्यात १७५० ते १७६१ या काळातली, म्हणजे पानिपताकडे नेणाऱ्या वर्षांतली पत्रे आहेत. डिसेंबर १७६० मध्ये छावणीतून पत्र लिहिणाऱ्याला १४ जानेवारीला काय होणार हे ठाऊक नव्हते. त्याचे अंदाज, त्याची भीती, त्याच्या चुका जशाच्या तशा कागदावर राहिल्या. बखरकाराला मात्र निकाल ठाऊक असतो. तो खोटे लिहीत नसला, तरी काय सांगायचे आणि काय गाळायचे हे त्याने शेवट पाहून ठरवलेले असते. बॅकटेस्ट ही या अर्थाने बखर आहे. नियम लिहिणाऱ्याने गेल्या दहा वर्षांचा चार्ट आधी पाहिलेला असतो. २००८ची मंदी, मार्च २०२०ची पडझड आणि त्यानंतरची तेजी त्याच्या डोळ्यांसमोर असते. बखर म्हणून ती टाकाऊ ठरत नाही. पण बखर ज्या सावधपणे वाचतात, त्या सावधपणेच ती वाचायला हवी.

बाजाराच्या इतिहासात पहिली मोठी तपासणी झाली ती पत्रांची. अल्फ्रेड काउल्स हे शिकागोच्या वृत्तपत्रमालक घराण्यातले गृहस्थ क्षयामुळे कोलोरॅडो स्प्रिंग्जला राहत. बाजाराचे अंदाज विकणाऱ्या पत्रकांचे ते वर्गणीदार होते, आणि १९२९ची कोसळण त्यांतल्या बहुतेकांना दिसली नव्हती. काउल्स यांनी ही पत्रके तारखेवार लावली, पंचकार्डांवर चालणारी यंत्रे हिशेबाला लावली आणि १९३३ साली ‘इकॉनोमेट्रिका’त निष्कर्ष छापले. सोळा सल्लागार संस्थांनी जानेवारी १९२८ ते जुलै १९३२ या काळात केलेल्या सुमारे साडेसात हजार शिफारशी सरासरीने बाजाराच्या वर्षाला १.४३ टक्के मागे पडल्या होत्या. बाजार चढेल की पडेल हे सांगणाऱ्या चोवीस प्रकाशनांचे वाचक वर्षाला सुमारे ४ टक्के मागे राहिले असते. ‘वॉल स्ट्रीट जर्नल’चे संपादक विल्यम पीटर हॅमिल्टन यांचे डाऊ सिद्धान्तावरचे २५५ अग्रलेखही त्यांनी तपासले. १९०४ ते १९२९ या काळात हॅमिल्टन यांचे ऐकणाऱ्याला वर्षाला १२ टक्के मिळाले असते. नुसते शेअर घेऊन बसणाऱ्याला १५.५ टक्के.

या सरासऱ्या प्रसिद्ध झाल्या. माझ्या मते त्या लेखातले मोलाचे पान दुसरेच आहे. सरासरी वाईट असली तरी चोवीसांतले वरचे काही जण बाजारापेक्षा चांगले निघाले होते. त्यांना काही कळत होते म्हणायचे की नाही? काउल्स यांनी याचे उत्तर साध्या रीतीने काढले. त्यांनी वेगवेगळे सल्ले कार्डांवर मांडले, न बघता एकेक कार्ड उचलले आणि आंधळ्या सल्लागारांचे काल्पनिक इतिहास तयार केले. या आंधळ्यांतला सर्वांत यशस्वी आणि खऱ्यांतला सर्वांत यशस्वी यांच्यात सांगण्यासारखा फरक निघाला नाही. चोवीस जणांतला पहिला कोणीतरी असणारच, आणि तो केवळ दैवाने किती वर जाऊ शकतो हे कळल्याशिवाय त्याच्या यशाचा अर्थ लागत नाही. त्यांना हे मोजता आले ते एवढ्यासाठीच की स्पर्धेत किती जण होते हा आकडा त्यांच्याजवळ होता. १९३३ साली हातात असलेला हा आकडा पुढच्या काळात अहवालांतून नाहीसा झाला.

हॅमिल्टन यांच्या अग्रलेखांची कहाणी मात्र तिथे संपत नाही. १९९८ साली स्टीफन ब्राऊन, विल्यम गोएत्झमन आणि आलोक कुमार यांनी तेच अग्रलेख पुन्हा वाचले. हॅमिल्टन बराच काळ बाजाराबाहेर राहायला सांगत होते, म्हणजे त्यांच्या वाचकाचे भांडवल त्या काळात धोक्यात नव्हते. जोखमीच्या मानाने परतावा मोजला तेव्हा हॅमिल्टन बाजारापेक्षा सरस ठरले. कागद तेच आणि तारखाही त्याच असताना निकाल उलटा लागला, कारण मधल्या काळात मोजण्याची रीत बदलली होती. विल्यम शार्प यांनी १९६६ साली परतावा आणि चढउतार यांचे गुणोत्तर, म्हणजेच शार्प रेशो, मांडले, त्याआधी असा हिशेब करायची रूढ रीतच नव्हती. आज अहवालात ‘एक्स्पोजर’ नावाचा रकाना असतो. भांडवल किती टक्के काळ बाजारात होते हे तो सांगतो. बहुतेक वाचक त्यावरून नजर फिरवून पुढे जातात. वर्षाला १५ टक्के देणारा नियम जर एक तृतीयांश काळच बाजारात असेल, तर सतत बाजारात असणाऱ्या १५ टक्क्यांशी त्याची बरोबरी करणे चूक आहे. अहवालातले बरेच रकाने असे कुठल्या तरी वादातून आलेले आहेत, आणि तो वाद माहीत असला की रकाना वाचता येतो.

सौदा कोणत्या भावाला झाला, हा वाद त्यांतला सर्वांत बोधप्रद. एमआयटीचे सिडनी अलेक्झांडर यांनी १९६१ साली एक सोपा नियम तपासला. भाव तळापासून ठरावीक टक्के, समजा ५ टक्के, वर आला की घ्यायचे. शिखरापासून तेवढेच टक्के खाली आला की विकायचे आणि मंदीचा सौदा करायचा. जुन्या आकड्यांवर हा नियम घसघशीत नफा दाखवत होता. बेनुआ मॅन्डेलब्रॉ यांनी दोन वर्षांनी त्यातली मेख दाखवली. अलेक्झांडर यांनी धरले होते की भाव तळापासून बरोबर ५ टक्के वर आला त्याच क्षणी, त्याच भावाला माल मिळतो. पण भाव पायरीपायरीने चढत नाही, उडी मारतो. काल ४ टक्के वर होता तो आज उघडतानाच ७ टक्के वर असू शकतो, आणि मधल्या भावाला कुणीही विकायला बसलेले नसते. अलेक्झांडर यांनी १९६४ साली दुरुस्त हिशेब छापला. नफा बराच आटला होता. युजीन फामा आणि मार्शल ब्लूम यांनी १९६६ साली डाऊ निर्देशांकातल्या तीस शेअरांवर अर्ध्या टक्क्यापासून पन्नास टक्क्यांपर्यंतचे चोवीस फिल्टर, म्हणजे अलेक्झांडर यांचाच नियम वेगवेगळ्या टक्क्यांनी, लावले, दलाली वजा केली, आणि उरलासुरला नफाही गेला.

आपल्या बाजारातले उदाहरण घ्यायचे तर १८ मे २००९चा सोमवार घ्यावा. लोकसभेचे निकाल शनिवारी लागले होते. शुक्रवारी सेन्सेक्स १२,१७३च्या आसपास बंद झाला होता. सोमवारी बाजार उघडताच वरचे सर्किट लागले, व्यवहार थांबले, आणि दिवसअखेर निर्देशांक २,११० अंकांनी, म्हणजे १७ टक्क्यांहून जास्त वर होता. शुक्रवारी मंदीचा सौदा करून १२,३००ला स्टॉपलॉस लावलेल्या माणसाला त्या भावाला बाहेर पडणे अशक्य होते. निष्काळजीपणे लिहिलेल्या बॅकटेस्टमध्ये मात्र तो १२,३००लाच बाहेर पडतो, एक टक्का तोटा नोंदतो आणि पुढच्या सौद्याकडे वळतो. म्हणून अहवालाखालची सौद्यांची यादी उघडून अशा दिवशी काय नोंदले आहे ते पाहावे. वरच्या सारांशातून जे कळत नाही ते त्या एका ओळीतून कळते. दलाली, कर आणि व्यवहाराच्या पद्धती याही काळाप्रमाणे बदलतात. जुलै २००१ पूर्वी आपल्याकडे बदला म्हणजे सौदे पुढे ढकलण्याची पद्धत आणि आठवड्याची वळण म्हणजे आठवड्याने सौदे मिटवण्याची रीत होती, शेअर व्यवहारांवरचा एसटीटी हा कर ऑक्टोबर २००४ पासून लागू झाला, ऑप्शन विक्रीवरचा त्याचा दर १ ऑक्टोबर २०२४ पासून ०.१ टक्के झाला. पंचवीस वर्षांच्या बॅकटेस्टला एकच खर्च लावणे म्हणजे तो बाजार पंचवीस वर्षे एकच होता असे धरून चालणे.

याच साठच्या दशकात आकड्यांच्या संग्रहाकडे लक्ष गेले. शिकागो विद्यापीठात १९६० साली जेम्स लॉरी आणि लॉरेन्स फिशर यांनी मेरिल लिंचच्या पैशातून एक केंद्र उभारले आणि न्यूयॉर्क शेअर बाजारातल्या प्रत्येक समभागाचे १९२६ पासूनचे भाव गोळा केले. त्यांनी घेतलेली खरी मेहनत बुडालेल्या, विलीन झालेल्या, यादीतून गेलेल्या कंपन्यांसाठी होती. त्यांना वगळले असते तर गेलेल्यांचा तोटा हिशेबातून आपोआप पुसला गेला असता. स्वस्तात किंवा फुकट मिळणाऱ्या भावांच्या संग्रहात असा तोटा आजही पुसलेला असतो. आजच्या निफ्टीतल्या पन्नास कंपन्या घेऊन त्यांच्यावर वीस वर्षांची बॅकटेस्ट करणारा माणूस वीस वर्षांनंतर कोण टिकले हे आधी ठरवून मग खेळायला बसतो. २ जानेवारी १९८६ रोजी सेन्सेक्स सुरू झाला तेव्हा त्याच्या तीस कंपन्यांत प्रीमियर ऑटोमोबाइल्स, हिंदुस्तान मोटर्स आणि मुकुंद होत्या. प्रीमियर म्हणजे कुर्ल्याला कारखाना असलेली, पद्मिनी बनवणारी कंपनी. त्या वर्षीच्या गुंतवणूकदाराला ती भरवशाची वाटत होती, आणि त्याच्या जागी बसून नियम तपासायचा असेल तर ती यादीत असलीच पाहिजे. सत्यम तर जानेवारी २००९ पर्यंत निफ्टीत होती. जाता जाता हेही लक्षात घ्यावे, की सेन्सेक्सचे पायाभूत वर्ष १९७८-७९ आहे, म्हणजे त्याची पहिली काही वर्षे नंतर बसून मोजलेली आहेत. तो आकडा खोटा नाही. पण १९८० साली दलाल स्ट्रीटवर उभ्या असलेल्या कुणालाही तो दिसत नव्हता.

भाव दुरुस्त केल्यानेही एक अडचण येते, आणि ती फार कमी लोकांच्या ध्यानात येते. बोनस आणि स्प्लिटनंतर जुने भाव त्या प्रमाणात भागावे लागतात, नाहीतर ऑक्टोबर २०२४ मध्ये रिलायन्सने एकास एक बोनस दिला त्या दिवशी भाव निम्मा पडला असे सॉफ्टवेअर समजेल. पण भागल्यावर काय होते ते इन्फोसिसच्या आलेखात पाहावे. १९९३ साली ९५ रुपयांना विकलेला तो शेअर पुढच्या बोनस-स्प्लिटांनी इतका भागला गेला, की आजच्या दुरुस्त आलेखात त्या वर्षीचा त्याचा भाव एका रुपयाहूनही कमी दिसतो. आता ‘दहा रुपयांखालचे शेअर घ्या’ असा नियम या आकड्यांवर चालवला तर तो १९९३ साली इन्फोसिस घेईल आणि अहवाल डोळे दिपवणारा निघेल. वास्तविक त्या वर्षी तो शेअर दहा रुपयांखाली कधीच नव्हता. पुढे कोण भरभरून बोनस देणार हे भविष्य त्या भावातच मिसळलेले आहे.

ऐंशीच्या दशकात वैयक्तिक संगणक आला आणि या सगळ्या कामाला लागणारा वेळ आणि पैसा जवळजवळ संपला. बिल आणि राल्फ क्रूझ या क्यूबातून आलेल्या भावांनी १९८२ साली मायामीत ओमेगा रिसर्च ही कंपनी काढली. तिचे ट्रेडस्टेशन १९९१ साली आले, आणि प्रोग्रॅमिंग न शिकलेला सौदेबाजही आपला नियम जवळजवळ साध्या इंग्रजीत लिहू लागला. पोलंडचे तोमाश यानेच्को यांनी अमिगा संगणकासाठी सुरू केलेले अ‍ॅमीब्रोकर पुढे विंडोजवर आले. मुंबई-पुण्यातल्या छोट्या सौदेबाजांत ते इतके रुजले की ‘एएफएल’ म्हणजे अ‍ॅमीब्रोकरचा कोड हे इथे वेगळे सांगावे लागत नाही. या सॉफ्टवेअरांत ‘ऑप्टिमाइझ’ नावाची सोय असते. छोटी मूव्हिंग अ‍ॅव्हरेज ५ ते ५० दिवसांपर्यंत पाचाच्या टप्प्याने, मोठी ६० ते २०० पर्यंत दहाच्या टप्प्याने, आणि स्टॉपलॉसच्या चार पातळ्या, एवढे सांगितले की दहा गुणिले पंधरा गुणिले चार, अशा सहाशे बॅकटेस्ट चहा थंड होण्याआधी होतात. यादी नफ्याप्रमाणे लावून येते. माणूस पहिल्या ओळीवर क्लिक करतो आणि त्या एका ओळीचा अहवाल छापून घेतो. त्या अहवालावर उरलेल्या पाचशे नव्व्याण्णव ओळींचा मागमूस नसतो. ज्या रकान्याबद्दल मी सुरुवातीला म्हटले तो हाच. हा निकाल किती प्रयत्नांतून निवडला, हे अहवालात कुठेही लिहिलेले नसते. काउल्स यांना चोवीसचा आकडा ठाऊक होता, इथे सहाशेचा आकडा क्लिकसरशी दृष्टीआड होतो.

त्याने किती फरक पडतो, हे आता गणिताने सांगता येते. डेव्हिड बेली, जोनाथन बोरवेन, मार्कोस लोपेझ द प्राडो आणि जिम झू यांनी २०१४ साली अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या ‘नोटिसेस’मध्ये दाखवले, की हातात पाच वर्षांचे भाव असतील तर एकमेकांशी संबंध नसलेले पंचेचाळीस निरर्थक नियम तपासले तरी त्यांतल्या सर्वोत्तमाचा वार्षिक शार्प रेशो १च्या घरात जाणे अपेक्षितच आहे. त्याच सूत्राने सहाशे प्रयत्नांना तो १.४च्या जवळ जातो. मूव्हिंग अ‍ॅव्हरेजच्या शेजारशेजारच्या जोड्या एकमेकींसारख्या वागतात, म्हणून सहाशे सेटिंगे हे सहाशे स्वतंत्र प्रयत्न धरता येत नाहीत आणि प्रत्यक्षातला आकडा कमी येईल. पण नियम पन्नास शेअरांवर चालवून त्यांतला चांगला शेअर निवडला तर तो पुन्हा वाढेल. त्यामुळे शार्प रेशो १.३ म्हणजे चांगला की वाईट, या प्रश्नाला उत्तर नाही. एकाच प्रयत्नात आला असेल तर विचार करण्यासारखा आहे, सहाशेत आला असेल तर त्याला काही अर्थ नाही. छापील आकडा दोन्ही ठिकाणी एकच.

यावर पहिला आक्षेप असा येतो, की जाणकार माणूस सगळे भाव एकदम वापरत नाही. पहिली सात वर्षे नियम बसवायला आणि शेवटची तीन तपासायला ठेवतो. रॉबर्ट पार्डो यांनी नव्वदच्या दशकात प्रचारात आणलेली वॉक-फॉरवर्ड रीत हेच काम पायरीपायरीने करते. रीत चांगली आहे, एका अटीवर: राखून ठेवलेली वर्षे एकदाच उघडायची. शेवटच्या तीन वर्षांत नियम नापास झाला, मग स्टॉपलॉस बदलला, मग पुन्हा तपासला, मग आठवड्याचा वार घातला, मग पास झाला. इथे राखीव वर्षे केव्हाच संपली. ती किती वेळा उघडली हेही अहवाल सांगत नाही. शिवाय माणूस स्वतः प्रयत्न करत नसला तरी इतरांनी केलेले प्रयत्न त्याच्यापर्यंत पोचलेले असतात. ब्रॉक, लॅकोनिशॉक आणि लेबॅरन यांनी १९९२ साली डाऊच्या १८९७ ते १९८६ या नव्वद वर्षांवर फक्त सव्वीस लोकप्रिय नियम तपासले आणि ते चालताना दिसले. पण ते लोकप्रिय झाले होते तेच मुळी न चाललेले असंख्य नियम विस्मरणात गेल्यावर. सलिव्हन, टिमरमन आणि व्हाइट यांनी १९९९ साली ७,८४६ नियमांच्या संदर्भात तोच प्रश्न विचारला. त्यांचा निष्कर्ष मला महत्त्वाचा वाटतो, कारण तो कुठल्याच बाजूला सोयीचा नाही. त्या नव्वद वर्षांतला सर्वोत्तम नियम एवढ्या प्रयत्नांची वजावट करूनही टिकला. आणि १९८६ नंतरच्या दहा वर्षांत तोच नियम निष्प्रभ ठरला. प्रयत्नांचा आकडा कळल्याने भविष्य कळत नाही. पण तो न कळता भूतकाळही कळत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. काही नियम खरोखर चालले. रिचर्ड डॉन्चियन यांचा चार आठवड्यांचा नियम, म्हणजे भाव चार आठवड्यांच्या उच्चांकावर गेला की घ्या आणि नीचांकाखाली गेला की विका, हा डन अँड हार्गिट यांनी १९७० साली वायदेबाजारातल्या इतर पद्धतींशी ताडून पाहिला आणि तो सरस ठरला; त्यानंतरच्या दशकातही कमोडिटींतल्या मोठ्या तेज्यांत तो उपयोगी पडला. १९८३ मध्ये शिकागोत रिचर्ड डेनिस यांनी नवशिक्यांना जे नियम शिकवले त्यांतला एक याच चार आठवड्यांच्या, म्हणजे व्यवहाराच्या वीस दिवसांच्या उच्चांकावर उभा होता. हे मान्य केले पाहिजे. पण हा नियम तपासणीच्या आधी सांगितलेला होता, चार आठवडे हा आकडा कुठल्या यादीतल्या पहिल्या ओळीवरून उचललेला नव्हता, आणि नंतरची वर्षे खरोखर नंतरची होती. बखरीतली एखादी गोष्ट अस्सल पत्राने शाबीत झाली तर ती इतिहासात घेतात. या नियमाला तशी पत्रे मिळाली. म्हणून बॅकटेस्ट वाचताना मी परताव्याच्याही आधी हा नियम कधी लिहिला गेला हे विचारीन, आणि त्या तारखेनंतरचे सौदे वेगळे काढून पाहीन. ते तीसच असले तरी आधीच्या तीनशेंपेक्षा त्यांचे वजन जास्त.

तिसरा आक्षेप असा, की मग बॅकटेस्ट करूच नये. हे मला पटत नाही. नियम नाकारण्यासाठी तिच्याइतके स्वस्त आणि खात्रीचे साधन नाही. निकाल ठाऊक असताना, सेटिंग हवे तसे फिरवायची मोकळीक असतानाही जो नियम खर्च वजा जाता नफा दाखवू शकत नाही, तो पुढे दाखवेल अशी आशा कशाच्या आधारावर करायची? फामा आणि ब्लूम यांनी नेमके हेच केले. अहवालातले काही रकाने निवडीने कमी बिघडतात, तेही उपयोगाचे. सौद्यांची संख्या, सरासरी सौदा किती दिवस चालतो, खर्चाचा वाटा, एकाच मोठ्या सौद्यावर किती नफा उभा आहे, या गोष्टी नियमाचा स्वभाव सांगतात. चाळीस टक्के सौदे फायद्याचे असलेला नियम लागोपाठ आठ-दहा तोटे देणार, हे आधी कळणे ही लहान गोष्ट नाही. ड्रॉडाऊनचा आकडा तर कमीत कमी धरावा. जे घडून गेले त्यातले ते सर्वांत वाईट आहे, जे घडू शकते त्यातले नव्हे.

बखर पत्र म्हणून विकली गेली तर काय होते याचाही दाखला आहे. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्समधली एफ-स्क्वेअर्ड ही सल्लागार कंपनी आपल्या ‘अल्फासेक्टर’ योजनेची २००१ पासूनची कामगिरी प्रत्यक्ष पैशावरची आहे, बॅकटेस्ट नाही, असे सांगून ती विकत होती. वास्तविक योजना २००८ची होती, आधीची सात वर्षे नंतर बसून काढलेली होती. त्यातही खरेदी-विक्रीचे संकेत प्रत्यक्षात मिळाले असते त्याच्या एक आठवडा आधीच वापरले गेले होते, आणि त्यामुळे नफा सुमारे ३५० टक्क्यांनी फुगला. डिसेंबर २०१४ मध्ये कंपनीने आरोप मान्य करून अमेरिकी नियामकाला साडेतीन कोटी डॉलर भरले. एका आठवड्याच्या सरकण्याने एवढा फरक पडला. ती चूक अहवालाच्या कुठल्याही रकान्यात दिसली नसती. संकेताची तारीख आणि सौद्याची तारीख शेजारी ठेवून पाहिली असती तरच दिसली असती.

आपल्याकडे सेबीने २ सप्टेंबर २०२२च्या परिपत्रकाने अल्गो विकणाऱ्या मंचांच्या मागच्या किंवा पुढच्या परताव्याच्या दाव्यांशी दलालांनी संबंध ठेवू नये असे बजावले. सेबीच्याच सप्टेंबर २०२४च्या अभ्यासात आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ या तीन वर्षांत वायदे आणि ऑप्शनमध्ये सौदे करणाऱ्या व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात निघाले, आणि एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांवर गेला. या सगळ्यांनी बॅकटेस्ट केली असे कुणी म्हणणार नाही. पण ज्यांनी केली, त्यांच्या हातात सहाशेतला एक निवडलेला कागद होता आणि तो तसा आहे हे कागदावर नव्हते, याची मला फार काळजी वाटते. परिपत्रक जाहिरातीला आवर घालू शकते; घरी लॅपटॉपसमोर बसून स्वतःलाच अहवाल दाखवणाऱ्या माणसापर्यंत ते पोचत नाही.

सॉफ्टवेअरला माणसाचे सगळे प्रयत्न कुठून कळणार, असे म्हटले जाते. सगळे नाहीत, पण बरेच कळतात, हेही एकदा दिसून आले आहे. बोस्टनच्या क्वांटोपियन या मंचावर २०११ ते २०२० या काळात हजारो लोक ब्राउझरमध्ये नियम लिहीत आणि तपासत. सगळे काम कंपनीच्या सर्व्हरवर होत असल्याने कुणी किती वेळा बटण दाबले याची नोंद राहिली. २०१६ साली कंपनीतल्या संशोधकांनी अशा ८८८ नियमांचे नंतरच्या काळातले वागणे पाहिले. बॅकटेस्टमधल्या शार्प रेशोवरून पुढच्या कामगिरीतला अडीच टक्के फरकही समजावता येत नव्हता. चढउतार आणि ड्रॉडाऊन हे रकाने त्या मानाने उपयोगी ठरले. आणि ज्या नियमावर जास्त बॅकटेस्ट केल्या होत्या, त्याचा अहवाल आणि वास्तव यांच्यातले अंतर जास्त होते. काउल्स यांच्यानंतर इतक्या मोठ्या संख्येवर प्रयत्नांचा आकडा आणि निकाल शेजारी ठेवल्याचे हे उदाहरण मला फार मोलाचे वाटते. आज आपल्याकडच्या दलालांची आणि अल्गो मंचांची अनेक अ‍ॅप याच धर्तीवर सर्व्हरवर चालतात. ग्राहकाने हा नियम किती वेळा बदलून तपासला, त्याची पहिली आवृत्ती कोणत्या तारखेची आणि त्या तारखेनंतरचा हिशेब काय, या तीन गोष्टी अशा अ‍ॅपला नोंदता येतात. निव्वळ नफ्याच्या ओळीच्याही वर त्या छापणे सेबीने सक्तीचे करावे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याने कुणाचाही उत्साह दडपला जाणार नाही. ग्राहकाला एवढेच कळेल की समोरचा १.३ हा आकडा पहिल्या प्रयत्नातला आहे की सहाशेव्या.